कैलासवासी हॉब्सकाका

सुहासिनी खांबेटेने हॉब्सकाकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मेलेले होते.

चातुर्मास लागून महिना होत आला होता. रोजची दिवाबत्ती आणि पोथी होतीच, पण दर चातुर्मासात ती वर आणखी एक नेम धरायची. त्या वर्षी धरला होता तो रोज एका सवाष्णीला हळदकुंकू लावायचा. गुहागरला असती तर हा नेम ओसरीत बसल्या बसल्या पार पडला असता. सौदीत, धाहरानच्या कंपनी कॅम्पात मात्र सवाष्णी शोधाव्या लागत. मराठी घरं बघता बघता संपली. मग केरळच्या बायका झाल्या, तेलुगू झाल्या, कोपऱ्यावरची लेबनीज शेजारीण झाली. तिने आरशात पाहून "छान! धुतल्यावर जातं ना?" एवढंच विचारलं. शेवटी सुहासिनीने अमेरिकनांच्या गल्लीकडे मोर्चा वळवला.

"जपून हो," तिचा नवरा विनय म्हणाला. तो कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर होता आणि देवाधर्माच्या बाबतीत त्याचं मत असं, की देव असेल तर त्याला आपली गरज नाही आणि नसेल तर प्रश्नच मिटला. "दार उघडलं की आधी विचार, नवरा आहे का. मग बोट पुढे कर."

हळदकुंकू आणि निरांजनाचं तबक घेऊन ती डॉना नावाच्या बाईच्या दारात पोचली. डॉना कंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ होती. दाराला काच होती, आणि काचेतून दिसलं ते असं: गालिच्यावर एक उंच म्हातारा उताणा पडलेला, एक पाय दुमडलेला, तोंड अर्धवट उघडं, डोळे छताला लागलेले.

सुहासिनी किंचाळली. आता तिची किंकाळी ती केवढी! ती मुळातच इतकी हळू बोलायची की फोनवर लोक "आवाज येत नाही" म्हणून ठेवून द्यायचे. पण म्हाताऱ्याने ऐकलं. तो उठून बसला, केस सारखे केले, दार उघडलं आणि अगदी कामकाजाच्या सुरात विचारलं, "कुठून बघत होतात? डावा पाय खरा वाटला का?"

"यू... डाय?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"रोज सकाळी. नाश्ता झाला की."

ते वेंडेल हॉब्स. कॅलिफोर्नियाहून लेकीकडे राहायला आलेले. उभा जन्म सिनेमात गेला होता, पण नायक म्हणून नव्हे. नायकाला तुरुंगात टाकणारा शेरीफ ते, सोडणारा न्यायाधीश ते, आणि मध्ये गोळी खाऊन पडणारा पोस्टमास्तरही तेच. आता कुणी काम देत नव्हतं, तरी रोज सकाळी ते तासभर दुसरं कुणीतरी व्हायचे. कधी लंगडा हमाल, कधी बहिरा बिशप. त्या दिवशी नुसतंच मरायचं होतं.

"कुणी बघत नसताना कशाला?" असं तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"तुम्ही देवापुढे दिवा लावता तेव्हा कोण बघत असतं?" त्यांनी तबकाकडे बघत विचारलं.

घरी येऊन तिने विनयला सगळं सांगितलं. "त्यांचा नेम आहे तो."

"मरण्याचा?"

"नेम तो नेम. कशाचा ते आपण विचारू नये."

डॉना घटस्फोट घेतलेली निघाली. तेव्हा संध्याकाळी भाजीच्या रांगेत एका गुजराती बाईला गाठून सुहासिनीने त्या दिवसाची सवाष्ण पुरी केली. पण हॉब्सकाका मात्र त्या घराशी जोडले गेले ते गेलेच.

त्यांचा चेहरा ही एक अजब चीज होती. ज्याला त्याला तो ओळखीचा वाटे आणि नाव कुणालाच सांगता येत नसे. सुहासिनीच्या मुलीने, तेरा वर्षांच्या ईशाने, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ओरडली, "आई, ही इज दॅट गाय!"

"कुठला?"

"अगं, दॅट गाय! सगळ्या पिक्चरमध्ये असतो तो!"

आणि खरंच, दुपारच्या इंग्रजी चॅनेलवर ते अचानक उपटायचे. सुहासिनी तांदूळ निवडत बसलेली असायची आणि पडद्यावर हॉब्सकाका, तिशीतले, मिशीवाले, घोड्यावरून धाडकन खाली. दुसऱ्या दिवशी ती काहीतरी गरम डब्यात भरून त्यांच्याकडे जायची. निमित्त डब्याचं, खरं म्हणजे माणूस धड आहे ना, हे डोळ्यांनी बघून यायचं.

"काल तुम्हाला पुलावरून ढकललं," ती सांगायची.

"हो, पाणी फार गार होतं," ते थालीपीठ मोडत म्हणायचे. "त्या आठवड्यात दोन सिनेमे होते. सकाळी पाद्री, दुपारी चोर. एकदा गडबडीत चोराने आशीर्वाद दिला. दिग्दर्शकाला तोच आवडला."

पुढे ते स्वतः दिग्दर्शकही झाले होते. दोन सिनेमे केले. "पहिला कुणी पाहिला नाही," ते सांगायचे, "आणि दुसरा ज्यांनी पाहिला ते शेजारच्या थिएटरचं तिकीट न मिळालेले होते." मग टीव्हीवर एका मालिकेचं दिग्दर्शन वाट्याला आलं. तिचा नायक कुत्रा होता. "सांगितलं तसं करणारा आयुष्यात भेटलेला एकमेव नट," असं त्याच्याबद्दल त्यांचं मत.

*

कॅम्पातल्या मराठी मंडळींचं दिवाळीनंतरच्या गुरुवारी फराळाचं संमेलन असायचं. बाहेर गाजावाजा नाही, बोर्ड नाही. करमणूक हॉल मिळायचा तेवढ्यात गाणी, उखाणे आणि चिवडा. त्या वर्षी रमजान दिवाळीच्या आधीच आटोपला होता, म्हणून तयारीला वेळ होता. आणि डॉक्टर अनिता सबनीसच्या अंगात आलं की नाटक करायचं.

अनिता जवळच्या खोबर शहरातल्या एका खासगी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ होती. दिवसभर बायकांची गाऱ्हाणी ऐकून तिच्याकडे संवादांचा साठाच झाला होता. तिने नाटक लिहिलं. नवरा गेल्यावर आक्का नावाची बाई कॅम्पात मुलाकडे येते. मुलगा-सून तिला हातात जपमाळ देऊन कोपऱ्यात बसवतात. ती मात्र शेजारणीकडून चोरून गाडी चालवायला शिकते. कॅम्पाच्या फाटकाबाहेर बायकांना स्टीयरिंगला हात लावता येत नव्हता, आत येत होता. म्हणून आक्का फाटकापर्यंत जाते, वळते, पुन्हा फाटकापर्यंत जाते. एवढंच नाटक. नाव, 'आक्का निघाल्या'.

"पण बसवणार कोण?" बायकांनी विचारलं.

"हॉब्सकाका," सुहासिनी म्हणाली.

"त्यांना मराठी येतं?"

"नाही. पण कुत्र्याची भाषा तरी कुठे येत होती?"

ती हे हळूच बोलली. पण खोलीत सगळ्या खो खो हसल्या आणि तिला स्वतःलाच चकित व्हायला झालं. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिच्या बोलण्यावर इतक्या जणी एकदम हसल्या नव्हत्या. त्या हसण्याची चव जिभेवर राहिली.

हॉब्सकाका तालमीला आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून सगळं नाटक नुसतं ऐकलं. एक शब्द कळत नव्हता, तरी मध्येच बोट वर करायचे. "ही बाई इथे खोटं बोलली." आणि खरंच, त्या ओळीला वाचणारीचं लक्ष घड्याळाकडे असायचं.

मग खाष्ट सासू कशी बसते ते त्यांनी दाखवलं. एक ओढणी मागून घेतली, खांद्यावर टाकली, खुर्चीत बसून एक मांडी जराशी उचलून परत ठेवली आणि समोरच्या चहाच्या कपाकडे फक्त पाहिलं.

एकीने आपोआप पदर सारखा केला.

"अगं बाई," अनिता कुजबुजली, "ह्या आमच्या जयसिंगपूरच्या!"

"छे हो, ह्या तर आमच्या अलिबागच्या! चहात साखर कमी पडली की अशाच बघतात," दुसरी म्हणाली.

आक्काची भूमिका कुणाची, यावर तीन जणी सरसावल्या होत्या. हॉब्सकाकांनी तिघींना सोडून कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सुहासिनीकडे बोट दाखवलं. "हिला स्वस्थ बसता येतं. ते शिकवता येत नाही. बाकीचं शिकवीन."

सुहासिनी हो म्हणाली. म्हणून झाल्यावर मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अनिता," तिने बाजूला घेऊन विचारलं, "आक्का... म्हणजे आक्कांचे यजमान..."

"गेलेत ना. म्हणून तर त्या इथे आल्या."

"म्हणजे कपाळ?"

"मोकळं," अनिता म्हणाली. "आक्का जुन्या वळणाच्या. त्यांच्या कपाळावर कुंकू कसं दाखवणार? लोकांना कळणारच नाही की नवरा गेलाय." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तिने जोडलं, "अजून वेळ आहे, सुहासिनीताई. तालमीला राहू दे."

राहू दिलं. पण तेव्हापासून ते कुंकू सुहासिनीला रोज आरशात निराळं दिसायला लागलं. लग्नापासून ती मेण लावून त्यावर पिंजर लावायची, सासूबाईंनी शिकवलं तसं. तापात, बाळंतपणात, विमानात, कधी कपाळ मोकळं राहिलं नव्हतं. आणि दुसरीकडे आक्का! आक्का बोलायची तेव्हा बायका हसायच्या, गप्प व्हायच्या, डोळे पुसायच्या. त्या आक्कासाठी सुहासिनीचा जीव तुटत होता. एक मिळवायचं तर दुसरं पुसायचं, असा पेच.

"अहो," तिने एकदा जेवताना विचारलं, "मी कुंकू पुसलं तर चालेल तुम्हाला?"

"मला काय होतंय? मी जिवंत आहे, पुरावा हवा तर इकामा दाखवतो. सरकारी परवाना आहे, त्यावर फोटो आहे, शिक्का आहे."

"थट्टा नको. सांगा ना."

विनय आमटीत भात कालवत राहिला. कालवून झालेला भात पुन्हा कालवला. "पुसायलाच हवं का?" तो म्हणाला. मग लगेच, "म्हणजे मला काही नाही. तुझं तू ठरव."

*

दुसरा घोळ झाला तो फोटोचा. शेवटच्या प्रवेशात आक्का नवऱ्याच्या फोटोसमोर बसून बोलते, आणि फोटोला हार हवा. मंडळात नवरे भरपूर होते, पण हार घालायला आपला द्यायला एकही बाई तयार होईना.

"इंटरनेटवरून कुणाचाही काढू," एकीने सुचवलं.

"तोसुद्धा कुणाचा तरी नवरा असेलच ना," सुहासिनी म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं.

वाद कशाचा चाललाय ते हॉब्सकाकांनी अनिताकडून समजून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला. एखाद्या परक्या नाटकात आपल्यासाठी जागा निघावी तसा. "म्हणजे बिनसंवादाची भूमिका, आधीच मेलेला माणूस, आणि शेवटचा सगळा प्रवेश माझ्यावर रोखलेला? बायांनो, अशी संधी मला चाळीस वर्षांत कुणी दिली नाही!"

त्यांनी तयारी केली ती अशी, की जणू मोठ्या सिनेमाचं बोलावणं आलंय. आक्कांचे यजमान, आप्पा, काय करत होते? अनिता म्हणाली, पोस्टात होते. चष्मा कसा? डबा घेऊन जात की घरी येऊन जेवत? रागावले की ओरडत की गप्प बसत? "गप्प बसत," सुहासिनी म्हणाली. तिने हे विचार न करता सांगितलं आणि मग कपाळावर हलकेच बोट टेकवलं.

संमेलनाच्या आधीच्या गुरुवारी, सुट्टीच्या दुपारी, विनयने सगळ्यांना खोबरला नेलं. पुढे विनय आणि हॉब्सकाका, मागे अबाया घातलेल्या सुहासिनी आणि अनिता. हॉब्सकाकांनी घरूनच रंगरंगोटी करून घेतली होती. गोरा रंग गव्हाळ झाला होता, करड्या मिश्या चिकटल्या होत्या, विनयचा जुना काळा कोट आणि कुणाकडून तरी आणलेली काळी टोपी. पण नुसत्या रंगाने काय होतं? त्यांनी डावा खांदा जरा पाडला, ओठ आत घेतले आणि नजर अशी केली की आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, आपल्याला फारशी आली नाहीत.

फोटो स्टुडिओ हैदराबादच्या नसरुद्दीनचा. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "अस्सलाम आलेकुम अंकल. आपको कहीं देखा है मैंने. इकामे के लिए फोटो? के लायसन?"

हॉब्सकाका गप्प. आप्पा अनोळखी माणसांशी बोलत नसत.

"हार डालने के लिए," सुहासिनी हळूच म्हणाली.

"जी?"

"हार. दीवार पे टांगके, ऊपर हार डालने के लिए."

नसरुद्दीनने तिच्याकडे पाहिलं. मग स्टुलावरच्या आप्पांकडे पाहिलं. आप्पांची पापणी लवली. "लेकिन बहनजी," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "अंकल तो अभी जिंदा हैं!"

"अभी टाइम है," विनय दारातून म्हणाला आणि हसू आवरेना म्हणून रस्त्यावर निघून गेला.

फोटो अप्रतिम आला. मंडळात ज्याने त्याने पाहिला आणि ज्याला त्याला आप्पा कुठेतरी भेटलेले निघाले. एका बाईंनी तर ते आपल्या आत्याचे दीर, कराडच्या पोस्टात होते, असं छातीठोकपणे सांगितलं.

पण फोटोची चौकट घरी आली आणि सुहासिनीला झोप येईना. हे म्हातारं माणूस, सत्तरी कधीच उलटलेली. जिवंतपणी हार घालायचा, तोही आपल्या हाताने? तिने गुहागरला सासूबाईंना फोन लावला.

"मोठ्याने बोल गं," माई म्हणाल्या. मग सगळं ऐकून त्या हसत सुटल्या. "अगो, तुझ्या सासऱ्यांच्या डोक्याला कावळा शिवला होता, मरणाचा अपशकुन तो, तेव्हा मीच पुण्याला तार करायला लावली होती, गेले म्हणून. खोट्या मरणाने आयुष्य वाढतं ना! तुझे चुलतसासरे रडत रडत एष्टीत बसले. येऊन बघतात तर हे ओसरीवर सुपारी कातरतायत. त्यावर किती वर्षं जगले! घाल हार बिनधास्त. तो तुझा साहेब तर किती वेळा मेलाय म्हणालीस? शंभरी गाठेल."

"आणि कुंकवाचं, माई?"

माईंचं हसणं थांबलं. "ते मला विचारू नकोस हो," त्या म्हणाल्या. "माझं काही मी पुसलं नव्हतं. बायकांनी पुसलं. मला कुणी विचारलं नाही. तुला निदान विचारतायत तरी. तुझं तू बघ."

*

संमेलनाच्या संध्याकाळी हॉलमागच्या खोलीत हॉब्सकाका बाह्या सरसावून उभे होते. रंगभूषा ते स्वतःच करायचे. त्यांची पत्र्याची पेटी त्यांच्याइतकीच जुनी होती. सुनेला, शेजारणीला रंगवून झालं. सुहासिनी फिकट लुगड्यात येऊन बसली. त्यांनी तिच्या केसांत पांढरं भरलं, डोळ्यांखाली रेषा ओढल्या. मग कापसावर क्रीम घेतलं आणि हात कपाळाकडे नेला.

तिने त्यांचं मनगट धरलं.

धरलं म्हणजे काय, नुसतं बोटं टेकवली. पण ते थांबले. तिला इंग्रजीत सांगता येईना. मराठीतही आलं नसतं. अनिता हातातलं सामान टाकून पुढे आली आणि तिने सांगितलं, की हे म्हणजे नवरा असल्याची खूण. हे पुसतात तेव्हा काय झालेलं असतं. आणि ही ते का पुसू देत नाही.

"मग मीच करते आक्का," दारातून एक जण म्हणाली. तिला सगळे संवाद पाठ होते, कपाळाला टिकली होती आणि ती काढायला नखसुद्धा पुरलं असतं.

सुहासिनीने मनगटावरची बोटं काढली नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रंग बिघडेल म्हणून तिने पडू दिलं नाही.

हॉब्सकाकांनी कापूस बाजूला ठेवला. "पुसायचं कुणी सांगितलं?" ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत मी शेरीफ झालो, चोर झालो, एकदा तर महाराजा झालो, त्याची तुमच्या देशाने मला क्षमा करावी. पण कधी काही पुसलं नाही. खाली वेंडेल हॉब्स तसाच ठेवला आणि वरून दुसरा माणूस लावला. आमचं काम लावायचं आहे, पुसायचं नाही."

त्यांनी पेटीतून घट्ट, कातडीच्या रंगाचा लेप काढला. तिच्या कपाळाच्या रंगाशी जुळेपर्यंत दोन-तीन छटा हातावर घोळल्या. मग कुंकवावर अलगद एक थर दिला, वर पावडर, पुन्हा थर. मंगळसूत्र पोलक्याच्या आत गेलं. अनिताने आरसा धरला. आरशात मोकळ्या कपाळाची आक्का होती. सुहासिनीने कपाळापाशी बोट नेलं, न टेकवता. खाली आहे. तिला ठाऊक आहे, हॉब्सकाकांना ठाऊक आहे, आणि वर बसलेल्याला ठाऊक आहे. आणखी कुणाला कळायची गरज काय?

पडदा उघडला. पहिल्या रांगेत विनय होता. बायको मोकळ्या कपाळाने आत आली तशी त्याची चेष्टामस्करी कुठे पळाली कोण जाणे. कोरडा खोकला आल्यासारखं करून त्याने मान खाली घातली, आणि शेजारी बसलेल्या ईशाने "बाबा, आर यू ओके?" म्हणून विचारलं तरी वर केली नाही.

पण नाटक रंगलं. अडचण एकच, मागच्या रांगेतून "ऐकू येत नाही!" असा पुकारा झाला. सुहासिनीचा आवाज तो तसा आणि हॉलचा एसी घरघरणारा. कुणीतरी एसी बंद केला. मग शब्द न् शब्द पोचायला लागला. आक्का खुर्चीत बसून खोटं स्टीयरिंग फिरवायला लागल्या, तशी लोकांची हसून मुरकुंडी वळली.

शेवटचा प्रवेश आला. भिंतीवर हारातले आप्पा, त्यांच्यावर आणि आक्कांवर मिळून एक मोठा दिवा. एसी बंद होऊन बराच वेळ झाला होता आणि हॉलचा पार उकाडा झाला होता. आक्का पाटावर बसल्या.

"तुम्ही कधी सायकलवर डबल सीट घेतलं नाहीत मला," त्या फोटोला म्हणाल्या. "पडशील म्हणायचात. आता सांगते, मला रिव्हर्ससुद्धा येतो."

लोक हसले. आणि मग हसता हसता पुढच्या दोन रांगा एकदम थांबल्या. कुजबुज सुरू झाली. सुहासिनीला कळेना, काय चुकलं? विंगेतून अनिता दबक्या आवाजात ओरडत होती, "कपाळ! ताई, कपाळ!"

उकाड्याने खालचं मेण विरघळलं होतं. वरचा लेप भेगाळून ओघळला आणि कपाळाच्या मधोमध लालभडक कुंकू वर आलं होतं.

सुहासिनीने बोट लावलं. बोट लाल झालं. समोर हारातला नवरा, कपाळावर कुंकू आणि पन्नास माणसं बघतायत. पुसावं तर पदर हातात होता. एका फटकाऱ्यात काम झालं असतं आणि नाटक वाचलं असतं. विनयने मान वर केलेली तिला दिसली.

तिने पदर सोडला. लाल बोट फोटोसमोर धरलं आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "बघितलंत? तुम्ही गेलात. हे काही जायचं नाव घेत नाही."

कुणी तरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच हसू गिळलं. अलिबागच्या सासूबाईंची सून ढसाढसा रडायला लागली. हॉल इतका शांत झाला की मागच्या टेबलावर चिवड्याच्या पराती झाकणाऱ्याचाही हात थांबला. आक्का उठल्या, हार नीट केला आणि खोटी किल्ली बोटावर फिरवत निघून गेल्या. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यात पडदा ओढणाराही टाळ्या वाजवत राहिला आणि पडदा ओढायचा राहूनच गेला.

हॉब्सकाका मागे आले ते ओशाळलेले. "माझा रंग आजवर कधी गळला नव्हता. पाण्यात बुडालो तरी नाही. मी कोणत्या तोंडाने माफी—"

"नो सॉरी," सुहासिनी म्हणाली. तिच्या तोंडभर हसू होतं. "माय कुंकू, व्हेरी स्ट्राँग."

"ती फोटोला काय बोलली?" त्यांनी अनिताला विचारलं. "आपण बसवलेलं नव्हतं ते. आधी हसले, मग गप्प का झाले?"

अनिताने इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "थांबा हं... ते असं आहे..."

"राहू दे," ते म्हणाले. "ऐकलं मी." आणि पेटीतलं सामान आवरायला लागले, उगाचच पाठ करून.

विनय गर्दीतून वाट काढत आला. चारचौघांत बायकोपासून दोन हात दूर उभा राहणारा माणूस तो. एरवी तिच्या नेमधर्मावर त्याच्याकडे काहीतरी तयार असायचं. आज त्याने खिशातून रुमाल काढला, एका हाताने तिची हनुवटी धरली आणि कुंकवाच्या कडेने उरलेला लेप टिपायला लागला. कुंकवाला धक्का लागू नये म्हणून जीभ दातांत धरून, एखादा बारीक स्क्रू बसवावा तसा.

"अहो, पुरे," सुहासिनी कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू देत," विनय म्हणाला. "बघायलाच तर आलेत."